वादळ थांबल्यावर खिंड कधी ओलांडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचा गट ऐन हिवाळ्यात दरीतल्या तळावर मुक्कामाला असणार आहे. अंदाजाप्रमाणे दोन दिवस हिमवादळ, साधारण ६० सेंटिमीटर नवा बर्फ, वरच्या धारेवर जोराचा वारा आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. त्या तिसऱ्या दिवशी सकाळी खिंड ओलांडावी, की आणखी काही तास थांबावं? पाचही जणांकडे ट्रान्सिव्हर (गाडलेला माणूस रेडिओ-संकेतावरून शोधायचं अंगावरचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब सळई) आणि फावडी आहेत. शिवाय आधी गेलेल्या गटाच्या पावलांच्या खुणा वाटेवर मिळतील, आणि दोन दिवस जास्त थांबलो तर सामान पुरणार नाही, असंही विचारणाऱ्यांनी लिहिलं आहे.

बर्फाळ डोंगरात गट घेऊन जाणं आणि हिमस्खलनातल्या बचावाचं प्रशिक्षण देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. तुम्ही तयारी मनापासून केलेली दिसते, म्हणून सरळ लिहितो. तुम्ही वेळ विचारता आहात, पण अडचण जागेची आहे. किती तास थांबायचं हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोणत्या उतारावर पाऊल टाकायचं नाही आणि कोणत्या उताराखाली उभं राहायचं नाही, हे मात्र नकाशा, कोनमापक आणि डोळे यांच्या आधारे पुष्कळ खात्रीने ठरवता येतं. वादळात आणि वादळानंतरच्या एकदोन दिवसांत मी सगळे निर्णय या दुसऱ्या प्रश्नावर घेतो.

याचं कारण समजायला आधी बर्फ कसा साठतो ते पाहू. डोंगरावरचा बर्फ थराथरांनी बसतो. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. थंड निरभ्र रात्री पृष्ठभागावर दवासारखे स्फटिक उगवतात. पातळ बर्फाच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. हे कमकुवत थर. त्यांच्यावर वादळाचा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो आणि त्याची एकसंध लादी बनते, तिला आम्ही स्लॅब म्हणतो. तिरक्या फळीवर मोहरी पसरून वर फरशी ठेवावी, तशी ही रचना असते. माणसाच्या वजनाने कमकुवत थर एका जागी मोडला की ती मोड थरातून झपाट्याने पसरते आणि आख्खा उतार एकदम सुटतो. जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं या प्रकारची असतात, आणि त्यांतली जवळपास ९० टक्के त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेली असतात. म्हणजे "आपल्या नशिबी वरून आलं" अशी गोष्ट फार कमी वेळा घडते. आपण कुठे पाय ठेवतो, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आता तुमचे ६० सेंटिमीटर. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो धरला, तर दर चौरस मीटरवर ६० किलो नवं ओझं आलं. १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद उतारावर हे ढोबळ मानाने ३०० टन होतं, तेही दोन दिवसांत. बर्फ स्वतःला सावरतो, खाली बसतो, कणाकणांत बंध धरतो. पण त्याला अवधी लागतो. तेवढंच ओझं आठवडाभरात आलं असतं, तर उताराने ते बहुधा पेललं असतं. म्हणून एकूण किती पडला याच्याइतकंच तो किती वेगाने पडला, हे मी बघतो. तासाला दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे बर्फ पडू लागला की मोठे उतार आपणहून सुटायला लागतात, हे गृहीत धरूनच मी वागतो.

आल्प्समध्ये एक जुना ठोकताळा वापरतात. परिस्थिती वाईट असेल, म्हणजे जोराचा वारा, कडक थंडी, खाली जुना गुळगुळीत किंवा कमकुवत पृष्ठभाग, तर १० ते २० सेंटिमीटर नवा बर्फसुद्धा धोका गंभीर करायला पुरतो. परिस्थिती चांगली असेल तर ३० ते ५० सेंटिमीटरला ती पातळी येते. तुमचे ६० सेंटिमीटर दोन्ही बाजूंनी हद्दीबाहेर आहेत. त्यात वारा आहेच.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्नात त्याचा उल्लेख ओझरता आला आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वारा सुरू झाला की सुटा बर्फ हलायला लागतो. वेग वाढला की वाहून नेला जाणारा बर्फ त्या प्रमाणात न वाढता कितीतरी पटींनी वाढतो. धारेच्या ज्या बाजूवर वारा आदळतो तिथला बर्फ उचलला जातो आणि पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, जाऊन पडतो. त्यामुळे तळावर तुम्ही ६० सेंटिमीटर मोजाल, तेव्हा खिंडीच्या आडोशाच्या उतारावर दीड मीटर साचलेला असू शकतो, आणि तोही दाबलेला, जड. गंमत अशी की तो दिसायला सुंदर, सपाट, चालायला सोपा वाटतो. मोकळ्या आकाशाखाली, बर्फ पडत नसतानाही, नुसत्या वाऱ्याने उतार भरत राहतो. धारेवरून पांढरा धूर निघाल्यासारखा दिसत असेल, तर वादळ संपलेलं नाही, असंच समजा. धारेवरच्या बर्फाच्या झुलत्या कडा कुठल्या बाजूला झुकल्या आहेत ते बघितलं की आडोसा कोणत्या अंगाला आहे हे कळतं.

तापमानाचंही तसंच. वादळ थंड सुरू होऊन पुढे ऊबदार होत गेलं, तर खाली हलका बर्फ आणि वर जड बर्फ अशी उलटी रचना तयार होते. ती फार लवकर सुटते. उलट, ऊबदार सुरुवात होऊन गारठा वाढत गेला तर थर एकमेकांना बरे चिकटतात. शेवटी शेवटी पाऊस पडला, तर काही मिनिटांत उतार सुटू लागतात. तुमच्या वादळात यातलं काय होईल हे मला इथून सांगता येणार नाही. तळावर दर तीन तासांनी तापमान, नव्या बर्फाची जाडी आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवा, तुम्हालाच कळेल.

मग थांबायचं किती? वादळाच्या नव्या बर्फामुळे आलेली अस्थिरता बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत कमी होते. थंडी कडाक्याची असेल तर जास्त. पण हिवाळ्याच्या सुरुवातीचा तळातला दाणेदार थर किंवा गाडले गेलेले दवस्फटिक असतील, तर तो धोका कित्येक आठवडे टिकतो, आणि तोही बाहेरून काहीच न दाखवता. म्हणून ४८ तास उलटले म्हणजे वाट मोकळी झाली, हा हिशेब मी कधी करत नाही. ४८ तासांच्या आत कुठल्याही तीव्र उताराकडे जायचं नाही, हा मात्र माझा नियम आहे, आणि त्यानंतरही परवानगी उताराचा कोन देतो.

त्या कोनाबद्दल. स्लॅब प्रकारची हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि सगळ्यात जास्त ३८ अंशांच्या आगेमागे. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ फार साचण्याआधीच घरंगळतो; ३० अंशांखाली तो क्वचित सुटतो. धोक्याच्या दिवशी ३० अंशांखाली राहणं हा या सगळ्या अभ्यासातला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी नियम आहे. पण त्याचा उत्तरार्ध लोक विसरतात: तुम्ही २० अंशांवर चालत असाल आणि तुमच्या डोक्यावर ३८ अंशांचा भरलेला उतार असेल, तर तुम्ही त्याच्या मार्गात आहात. कमकुवत थराची मोड सपाटीवरूनही वरपर्यंत पसरू शकते. खालून चालणाऱ्याने वरचा उतार सोडल्याचे प्रसंग आम्हाला नवे नाहीत.

तुमच्या बाबतीत हे घरबसल्या तपासता येतं. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर ४० मीटर उंचीला असतील, तर ज्या ठिकाणी दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटरपेक्षा कमी आहे तिथे उतार ३० अंशांच्या वर आहे. रेषा दर २० मीटरला असतील तर ०.७ मिलिमीटर. पेन्सिलने असे सगळे पट्टे रंगवा. मग त्यांच्या खालचा भाग रंगवा: ज्या जागेवरून उताराच्या माथ्याकडे बघताना नजरेचा कोन २५ अंशांहून जास्त भरतो, ती जागा माझ्या लेखी मार्गातच आहे, फार मोठ्या हिमस्खलनांसाठी हा कोन २० अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. कोनमापक असलेला होकायंत्र किंवा फोनमधलं ॲप, दोन्ही चालतं. एक सावधगिरी: नकाशा दहा-पंधरा मीटर उंचीचे छोटे उतार दाखवत नाही, आणि घळीत किंवा ओढ्याच्या पात्रात तेवढासा उतारही माणसाला गाडायला पुरतो, कारण सगळा बर्फ अरुंद जागेत येऊन साचतो.

रंगवल्यावर बहुधा असं दिसेल की खिंडीचा शेवटचा चढ रंगात आहे आणि तळाकडून तिकडे जाणारी वाट दोनतीन घळींच्या तोंडासमोरून जाते. तसं असेल, तर तिसऱ्या दिवशी सकाळी खिंड ओलांडू नका, हे माझं स्पष्ट उत्तर आहे. वाट आख्खी ३० अंशांखाली आणि वरच्या उतारांपासून लांब असेल, तर ऊन पडल्यावर निघायला माझी हरकत नाही. या दोन टोकांच्या मधलं काही असेल तर ते तुमच्या नोंदींवर ठरेल, आणि शंका राहिलीच तर आणखी एक दिवस थांबण्यावर.

तळाची जागासुद्धा याच नकाशावर तपासा. माणसं चालताना सावध असतात आणि मुक्कामाला निर्धास्त होतात. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात हिमस्खलनाने ३१ जणांचा जीव घेतला. कित्येक दिवसांच्या सलग वादळांनी वर प्रचंड बर्फ साठला होता, आणि तो सुटला तेव्हा धोक्याच्या नकाशात सुरक्षित धरलेल्या घरांपर्यंत पोचला. पिढ्यान् पिढ्या इथे कधी काही आलं नाही, हे वाक्य नेहमीच्या हिवाळ्यांपुरतं खरं असतं. जंगलाचा आधारही तपासून घ्या: झाडी इतकी विरळ असेल की तुम्ही त्यातून आरामात चालू शकता, तर बर्फही त्यातून येऊ शकतो. वरच्या अंगाच्या फांद्या तुटलेल्या झाडांची रांग दिसली, तर ती हिमस्खलनाची वाट आहे.

पावलांच्या खुणांबद्दल विचारलंत. त्यांच्यावर विसंबू नका. खुणा एवढंच सांगतात की त्या क्षणी, त्या रेषेवर, त्या माणसांखाली उतार सुटला नाही. स्लॅबची जाडी जागोजागी वेगळी असते. पहिले चार जण जाड भागावरून गेले आणि पाचवा खडकाजवळच्या पातळ भागावरून गेला, की त्याचं वजन कमकुवत थरापर्यंत पोचतं. त्यात खुणा उमटल्यानंतर वाऱ्याने नवा बर्फ आणून टाकला असेल, तर तो उतार आता वेगळाच आहे.

आणि ऊन. वादळानंतरची पहिली स्वच्छ सकाळ मला सर्वांत जास्त धास्तीची वाटते. दोन दिवस तंबूत कोंडलेली माणसं, निळं आकाश, हातातून निसटणारे दिवस, मोजकं रसद-पाणी: अशा वेळी गटातल्या कुणालाच "नको" म्हणायचं नसतं. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच स्तरांची एकच मोजपट्टी वापरतात, आणि मृत्यूंचा मोठा वाटा चौथ्या-पाचव्या स्तरावर न येता तिसऱ्यावर येतो. चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात. तिसऱ्याला वादळ ओसरलेलं असतं, डोंगर शांत दिसतो आणि लोक निघतात. त्यात सूर्याची पहिली किरणं ताज्या बर्फावर पडली की पृष्ठभाग झपाट्याने सैल होतो. उन्हाकडच्या उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले, तर तिथून बाजूला व्हायची वेळ झालेली आहे.

उलटी चूक, म्हणजे वादळ चालू असतानाच खिंड गाठायचा प्रयत्न, तर कधीच नको. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळच्या डोंगरांवर पोचले आणि अन्नपूर्णा परिसरात, थोरांग ला खिंडीच्या आसपास, हिमवादळ आणि हिमस्खलनं यांत ४० हून अधिक ट्रेकर, वाटाडे आणि स्थानिक लोक दगावले. तिथे स्कीइंग करणारे धाडसी लोक नव्हते. नेहमीच्या वाटेने पायी चाललेली माणसं होती. वादळात दिसेनासं होतं, आणि जी लक्षणं बघून आपण निर्णय घेतो तीच झाकली जातात: शेजारच्या उतारावर नुकतीच सुटलेली हिमस्खलनं, पायाखालून दूर पळत जाणाऱ्या भेगा. एक लक्षण तेवढं दिसत नसतानाही कळतं. पायाखाली बर्फ "धप्प" आवाज करून खचला, तर कमकुवत थर तिथेच मोडला आहे. तो सपाटीवर ऐकू आला तरी त्या दिवसापुरतं सगळ्या तीव्र उतारांकडे पाठ फिरवायची. यावर चर्चा करत बसू नये.

बर्फात खड्डा खणून थर तपासण्याच्या चाचण्या मी शिकवतो आणि करतोही. पण वादळानंतर उताराच्या मध्यावर जाऊन खणणं म्हणजे धोका बघायला धोक्यातच उतरणं. शिवाय एका जागेचा खड्डा दहा मीटर पलीकडचं सांगत नाही. खराब निकाल आला तर तो माना. चांगला निकाल आला म्हणून जायचं ठरवू नका.

ट्रान्सिव्हरबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा सूर "आमच्याकडे साधनं आहेत" असा लागला आहे. साधनं हवीतच. त्यांच्याशिवाय बर्फात जाऊ नये. पण ती माणूस गाडला गेल्यानंतर कामाला येतात. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासाला ती साधारण ३० टक्क्यांवर येते. शिवाय काही जण झाडा-खडकांवर आदळून आधीच गेलेले असतात; त्यांना कुठलंच यंत्र वाचवत नाही. बाहेरची मदत दहा मिनिटांत येत नाही, त्यामुळे शोध तुम्हालाच घ्यायचा आहे. मागे कुणी उरलं असेल तरच तो घेता येईल, म्हणून संशयास्पद जागा एकेकाने ओलांडायची आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. तरीही, अंतर ठेवून चालल्याने उतार सुरक्षित होत नाही. फक्त गाडल्या जाणाऱ्यांची संख्या कमी होते.

निघण्यापूर्वी तुम्ही पाच जणांनी एकमेकांचे पुरलेले ट्रान्सिव्हर शोधण्याचा सराव करा, प्रोब आणि खणणं यांच्यासकट. लोक यंत्राचा सराव करतात, खणण्याचा करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. थांबलेलं हिमस्खलन काही क्षणांत दगडासारखं घट्ट होतं. प्रोब माणसाला लागली की ती तशीच रोवून ठेवा, तिच्या डोक्यावरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा, आणि आधी तोंड-नाक मोकळं करा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी कोन, मग वाऱ्याची दिशा, मग नव्या बर्फाचा वेग, आणि या तिन्हींनंतर तास. साधनं हिशेबात धरून वाट निवडायची नाही.

राहिला तुमच्या प्रश्नातला शेवटचा मुद्दा, की दोन दिवस जास्त थांबलो तर सामान पुरणार नाही. हा निर्णय वादळाच्या आधी घ्यायचा असतो. भारतीय हिमालयासाठी डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. हवामान खात्याचा अंदाज त्याच्या जोडीला वाचा. वादळ येतंय हे चोवीस तास आधी कळलं आणि तळापासूनची परतीची वाट घळींखालून जाते, तर वादळाआधीच खाली उतरा. वादळ सुरू झाल्यावर तीच वाट खिंडीइतकी धोक्याची होते, आणि मग तळ सुरक्षित असेल तर तिथेच बसून राहणं हा एकमेव शहाणपणाचा पर्याय उरतो. त्यासाठी किमान तीन जादा दिवसांचं अन्न आणि इंधन आधीच मोजून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की तीन दिवस उशीर म्हणजे संकट नव्हे. वादळात रात्री पाळीपाळीने उठून तंबूभोवतीचा बर्फ काढावा लागेल. हवेची झडप बर्फाने बुजलेली असताना आत स्टोव्ह पेटवला, तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं जातात. ही काळजी हिमस्खलनाइतकीच मनावर घ्या.

खिंडीच्या शेवटच्या चढाचा कोन, त्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे, आणि वादळाआधी तिथे बर्फ किती दिवसांपासून साठलेला आहे, ही तीन गोष्टींची माहिती कळवलीत, तर त्या विशिष्ट उताराबद्दल याहून नेमकं लिहीन.